वर्मी घाव आणि मांडीतली सुई

घाव वर्मी लागला, असे मराठीत म्हटले जाते तेव्हा बोलणाऱ्याला बहुधा शब्दांचा घाव अभिप्रेत असतो. परंतु या वाक्प्रचाराचा मूळ अर्थ शारीरिक आहे. जिथे इजा झाली असता प्राण जातो किंवा शरीर लुळे पडते अशी जागा म्हणजे वर्म, आणि संस्कृतातील ‘मर्म’ या शब्दाशी त्याचे नाते उघड दिसते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मानवी देहातील 107 मर्मे सांगितली आहेत. खुद्द संस्कृतात ‘वर्म’ म्हणजे चिलखत. शरीराला झाकणाऱ्या वस्तूचा हा शब्द मराठीत शरीराच्या सर्वांत उघड्या जागेसाठी रूढ व्हावा, ही गंमत भाषाभ्यासकांनी पाहण्यासारखी आहे. शस्त्र किती मोठे यापेक्षा ते कुठे लागले याला महत्त्व अधिक, हे ज्ञान शिकारीइतकेच जुने आहे आणि प्रस्तुत ग्रंथाचा विषय त्याच ज्ञानाच्या एका अनपेक्षित वळणाचा आहे.

मोठ्या आणि धोकादायक जनावरावर नेम कुठे धरावा, हा प्रश्न एके काळी ठाणे जिल्ह्यातील शिकाऱ्याला पडत असे. आज तोच प्रश्न ठाणे, कल्याण किंवा उल्हासनगरमधील एखाद्या इमारतीच्या जिन्यात, हातात डार्ट गन घेऊन उभ्या असलेल्या पशुवैद्यकाला पडतो. पहिल्याला जनावर मारायचे होते, दुसऱ्याला ते जिवंत न्यायचे आहे. त्यामुळे दोघांच्या मनातील जनावराच्या देहाचा नकाशा एकच असला, तरी त्यावरच्या खुणा नेमक्या उलट्या असतात, कारण शिकाऱ्याने जी जागा शोधायची तीच डार्ट मारणाऱ्याने टाळायची आणि शिकाऱ्याने जिथे गोळी मारणे नामुष्कीचे मानले त्या मागच्या मांडीवरच डार्टची सुई रुतवायची. हा उलटा नकाशा समजून घ्यायचा तर आधी सुलटा वाचता आला पाहिजे, असे या ग्रंथाचे प्रतिपादन आहे, आणि म्हणूनच वन्यजीवरक्षणावरच्या या पुस्तकात शिकारीच्या शास्त्राला इतकी पाने मिळाली आहेत.

ठाणे परिसराला वाघ-बिबट्यांची ओळख नव्याने झालेली नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाणे जिल्ह्यावरील तेरावा खंड 1882 साली प्रसिद्ध झाला आणि त्यातील वन्यप्राण्यांच्या वर्णनात वाघाला व बिबट्याला स्थान आहे. घोडबंदर रस्त्यावरून रोज जाणाऱ्या हजारो लोकांच्या तोंडी वाघबीळ हे बसथांब्याचे नाव असते, पण त्या नावातला वाघ फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. येऊरच्या पाड्यांपासून उत्तरेकडे जव्हार-मोखाड्यापर्यंत वारली आणि इतर आदिवासी समाजांत वाघोबा हा देव आहे. दगडावर किंवा लाकडी फळीवर कोरलेल्या त्याच्या आकृतीला शेंदूर लावला जातो आणि दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याची पूजा होते. या देवाचा वाघ म्हणजे पट्ट्यांचाच असे नाही, कारण बोलीत बिबट्यालाही वाघच म्हणतात. ज्या जनावराला देव मानले जाई त्यालाच प्रसंगी मारावेही लागे, यात त्या समाजाला विसंगती वाटत नसे, आणि ती नव्हतीही.

शिकारीचे लेखी शास्त्र मात्र दरबारी आणि पुढे साहेबी राहिले. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात मृगयेचा स्वतंत्र विचार आहे (हे कल्याण म्हणजे आजचे बसवकल्याण, ठाण्याशेजारच्या कल्याणने त्यावर हक्क सांगू नये). एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांनी हे शास्त्र मोजमापांवर आणले. 1883 साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आरंभीच्या सभासदांत शिकारी पुष्कळ होते. जनावर मारल्यावर त्याची लांबी मोजणे, गोळी कुठून शिरली आणि कुठे अडकली हे कातडी सोलताना पाहणे, ही सवय त्यांच्यात होती आणि देशातील सस्तन प्राण्यांच्या अभ्यासाला या सवयीचा उपयोग झाला. जागेचे महत्त्व सिद्ध करणारे जगातील ठळक उदाहरण आफ्रिकेतील आहे. डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने हजाराहून अधिक हत्ती मारले आणि त्यांपैकी बहुतेक अशा हलक्या बंदुकीने की, हत्तीसाठी ती कोणी सुचवलीही नसती. त्याने हत्तीची कवटी करवतीने उभी कापून मेंदू नेमका कुठे दडलेला असतो हे पाहून घेतले होते. त्याच्या यशाचे श्रेय बंदुकीपेक्षा त्या करवतीला द्यावे लागते. मात्र बेलचे अनुकरण करायला गेलेले किती जण हत्तीच्या पायाखाली गेले, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

बिबट्याच्या देहाचा शिकाऱ्याने केलेला विचार थोडक्यात असा आहे. जनावर बाजूने उभे असता पुढच्या पायाच्या कोपराच्या किंचित मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात हृदय असते आणि त्याच्या भोवती व वर बरगड्यांच्या पिंजऱ्यात फुप्फुसे पसरलेली असतात. हृदयावर नेम धरून गोळी थोडी वर गेली तरी ती फुप्फुसात लागते आणि थोडी पुढे गेली तरी खांदा मोडते, म्हणजे चूक पोटात घेणारी जागा तीच. याउलट गोळी मागे सरकली की ती खऱ्या अर्थाने पोटात जाते. जनावर मरते, पण तासांनी किंवा दिवसांनी, आणि मधल्या काळात ते झाडीत दबा धरून बसलेले असते. डोके ही सामान्य माणसाला सर्वांत खात्रीची वाटणारी जागा, पण बिबट्याच्या कपाळाचे हाड तिरके उतरते, मेंदू मुठीएवढाही नसतो आणि डोके सतत हलत असते, म्हणून अनुभवी शिकारी नाइलाज झाल्याखेरीज तिकडे वळत नसत.

इथे मांजरकुळाच्या शरीररचनेतील एक बारकावा समजून घेण्यासारखा आहे. माणसाचा खांदा गळपट्टीच्या हाडाने धडाशी जोडलेला असतो. बिबट्यात हे हाड नावापुरते उरलेले आहे आणि खांद्याचे रुंद हाड केवळ स्नायूंच्या आधाराने बरगड्यांवर तरंगते. त्यामुळेच दबकत चालणाऱ्या बिबट्याचे खांदे पाठीच्या वर-खाली होताना दिसतात. पाय पुढे टाकला की खांद्याचे हाड सरकून छातीचा मोठा भाग उघडा पडतो, पाय मागे आला की तोच भाग हाडाआड जातो. म्हणजे ‘खांद्याच्या मागे’ ही जागा स्थिर नाही, ती चालीबरोबर सरकते, आणि जनावराने कोणता पाय पुढे टाकला आहे हे न पाहता चाप ओढणाऱ्याला ती सापडत नाही. मचाणावर बसलेल्या शिकाऱ्याची अडचण आणखी निराळी होती. बारा-पंधरा फुटांवरून खाली मारलेली गोळी तिरकी शिरते, म्हणून गोळी कुठे शिरेल यापेक्षा ती कुठून बाहेर पडेल याची कल्पना करून नेम धरावा लागे. हे सारे गाऱ्यावर, म्हणजे जनावराने मारून ठेवलेल्या किंवा त्याच्यासाठी बांधलेल्या भक्ष्यावर, अंधारात, विजेरीच्या उजेडात करायचे असे. ठासणीच्या बंदुकीने किंवा छर्ऱ्यांनी बिबट्या मारायला जाऊन त्याला जखमी करून सोडणाऱ्यांमुळे कित्येक गावांवर संकट आले, कारण दात मोडलेला किंवा पाय अधू झालेला बिबट्या हरणामागे धावू शकत नाही.

देशात वाघाच्या शिकारीवर 1970 साली बंदी आली आणि 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकार हा शब्दच कायद्याच्या ताब्यात घेतला. या अधिनियमातील शिकारीच्या व्याख्येत ठार मारण्याबरोबर पकडणे, सापळा लावणे आणि जखमी करणे हेही येते. म्हणून वनखात्याने बिबट्याला भुलीचे इंजेक्शन देऊन पकडणे हीसुद्धा कायद्याच्या भाषेत शिकारच असून तिला कलम 11 खाली मुख्य वन्यजीव रक्षकाची परवानगी लागते. पहिल्या अनुसूचीतील, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्याला मारण्याची परवानगी देण्यापूर्वी त्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा अन्यत्र हलवणे शक्य नाही, याची खात्री त्या अधिकाऱ्याने करून घ्यायची असते. गोळीच्या आधी डार्ट हा क्रम अशा रीतीने कायद्यानेच ठरवलेला आहे. वृत्तपत्रे ज्याला ‘बिबट्या जेरबंद’ असे दोन शब्दांत सांगून मोकळी होतात, त्यामागे हा सगळा क्रम असतो.

डार्ट म्हणजे उडणारी सिरिंज. न्यूझीलंडमधील कॉलिन मर्डॉक या पशुवैद्यकाने 1950 च्या दशकात तिच्यासाठी बंदूक तयार केली आणि त्याच सुमारास अमेरिकेतही तसे प्रयोग झाले. आज प्रचलित असलेल्या डार्टमध्ये दोन कप्पे असतात. पुढच्यात औषध आणि मागच्यात दाबलेली हवा, मध्ये सरकता दट्ट्या, पुढे सुई आणि मागे दिशा न चुकण्यासाठी रंगीत झुपका. सुईचे छिद्र टोकाला नसून बाजूला असते आणि त्यावर रबरासारखी छोटी नळी चढवलेली असते. सुई कातडीत शिरताना ती नळी मागे सरकते, छिद्र उघडते आणि हवेच्या दाबाने औषध आत जाते. हे सगळे घडण्यासाठी डार्ट कातडीवर काटकोनात आदळावा लागतो. तिरका आदळला तर तो घसरतो, नळी अर्धवट सरकते, औषध केसांवर सांडते आणि जनावर मात्र बिथरते. रायफलची गोळी सेकंदाला सहाशे-आठशे मीटर वेगाने जाते, तर डार्टचा वेग त्याच्या दहाव्या हिश्शाइतकाही क्वचितच असतो. पंचवीस मीटर अंतर कापायला डार्टला सेकंदाच्या निम्म्याहून थोडाच कमी वेळ लागतो आणि तेवढ्यात बिबट्याने अंग फिरवले तर मांडीवर धरलेला नेम पोटात जातो. म्हणून अंतर आधी मोजून त्याप्रमाणे बंदुकीतील वायूचा दाब ठरवावा लागतो. दाब कमी पडला तर डार्ट वाटेतच खाली येतो, जास्त झाला तर सुईऐवजी सिरिंजच मांसात घुसते आणि हाडही मोडू शकते.

डार्टसाठी योग्य जागा म्हणजे मागच्या मांडीचा भरदार स्नायू आणि ती दिसत नसेल तर खांद्याचा मांसल भाग. भूल स्नायूतून रक्तात जाते, चरबीतून ती सावकाश झिरपते आणि पोकळीत गेली तर घात करते. म्हणून डोके, मान, छाती, पोट आणि पाठीचा कणा वर्ज्य. शिकाऱ्याची कोपरामागची लाडकी जागा इथे सर्वांत धोक्याची ठरते, कारण बरगड्यांच्या मधून शिरलेली लांब सुई फुप्फुसाला भोक पाडू शकते. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात घाबरलेला बिबट्या मोकळ्या पटांगणात बाजू दाखवून उभा राहत नाही. तो कोपऱ्यात अंग चोरून बसतो, मागचे पाय पोटाखाली दुमडतो आणि समोरच्या माणसाकडे तोंड करतो, म्हणजे जी जागा हवी ती झाकलेली आणि ज्या जागा नकोत त्या सगळ्या उघड्या. अशा वेळी जवळून, बंदुकीपेक्षा सौम्य माऱ्यासाठी, फुंकनळी वापरतात. लांब नळीतून फुंकून डार्ट मारण्याच्या या साधनात वेग कमी, आवाज जवळजवळ नाही आणि इजा थोडी. मात्र त्यासाठी जनावरापासून काही मीटरवर जावे लागते.

20 फेब्रुवारी 2019 रोजी ठाण्यात कोरम मॉलच्या वाहनतळावरील कॅमेऱ्यात पहाटे बिबट्या दिसला आणि नंतर तो समतानगर परिसरातील एका हॉटेलच्या तळघरात सापडला. 24 नोव्हेंबर 2022 रोजी कल्याण पूर्वेतील चिंचपाडा रस्त्यावरील इमारतीत शिरलेल्या बिबट्याने काही जणांना जखमी केले आणि कित्येक तासांच्या प्रयत्नांनंतर तो पकडला गेला. दोन्ही ठिकाणी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पथकाने बिबट्याला बेशुद्ध करून बाहेर काढले. हे पथक बोरिवलीचे. तिथून कल्याण पूर्वेपर्यंतची वाहतूक ज्याला ठाऊक आहे त्याला, बिबट्या दिसल्यापासून डार्ट सुटेपर्यंतचा काळ कुठे जातो हे वेगळे सांगायला नको. तळघरात किंवा जिन्यात जंगलातल्या नेमबाजीचे हिशेब बदलतात, कारण अंतर इतके कमी असते की बंदुकीचा सर्वांत कमी दाबही जास्त ठरू शकतो, भिंतीवर आपटून डार्ट उलट फिरू शकतो, आणि पळायला वाट न उरलेले जनावर माणसाच्या अंगावरूनच वाट काढते. शिकाऱ्याला ओसाड रानात एकच सोबती हवा असे. इथे गॅलऱ्यांत, टेरेसवर, कंपाउंडच्या भिंतीवर सारा मोहल्ला मोबाइल उंचावून उभा असतो.

या गर्दीचा संबंध नेमाच्या जागेशी कसा, असा प्रश्न वाचकाला पडेल. बिबट्यासाठी भारतात बहुधा केटामाइन आणि झायलाझिन ही औषधे एकत्र वापरली जातात. पहिल्याने भूल येते, दुसऱ्याने गुंगी येऊन स्नायू सैल पडतात. झायलाझिनवर उतारा आहे, केटामाइनवर नाही. जागा अचूक आणि जनावर शांत असेल तर साधारण पाच ते पंधरा मिनिटांत ते आडवे होते. पण आरडाओरड्याने त्याच्या रक्तात भीतीची द्रव्ये उसळलेली असतील तर तीच मात्रा अपुरी पडते, ते अर्धवट गुंगीत धावत सुटते आणि दुसरा डार्ट मारावा लागतो. जुना शिकारी बार काढल्यावर लगेच मागावर जात नसे, विडी ओढण्याइतका तरी वेळ थांबे, म्हणजे जखमी जनावर शिथिल होईल. डार्ट मारणाऱ्यालाही नेमके तेवढेच थांबायचे असते, फक्त त्याला कोणी थांबू देत नाही. 9 डिसेंबर 2020 रोजी पुण्यात कोथरूडच्या महात्मा सोसायटी भागात शिरलेला गवा माणसांच्या गराड्यात धावधाव धावला आणि बेशुद्ध करून पकडल्यानंतर काही वेळाने मरण पावला. अति पळापळीने स्नायू आतून झिजतात, शरीराचे तापमान धोकादायक पातळीवर चढते आणि अशा जनावराला भूल सोसत नाही. डार्ट योग्य जागी बसूनही जनावर दगावते ते असे.

जागेचा प्रश्न न्यायालयापर्यंत आणि सार्वजनिक वादापर्यंत कसा जातो, हे महाराष्ट्राने यवतमाळ जिल्ह्यात पाहिले. तेरा माणसांच्या मृत्यूसाठी जबाबदार धरलेली टी-1 अर्थात अवनी ही वाघीण 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीच्या परिसरात गोळी घालून मारली गेली. आदेश आधी बेशुद्ध करण्याचा आणि ते न साधल्यास मारण्याचा होता. शवविच्छेदनानंतर वाद पेटला तो दोन खुणांवरून. गोळी ज्या बाजूने शिरली ती पाहता वाघीण चाल करून येत होती की पाठमोरी होती, आणि मांडीतील डार्ट बंदुकीतून सुटला होता की नंतर हाताने टोचला गेला होता. तिच्या मृत्यूबाबत कोणाची बाजू खरी हे ठरवणे या प्रस्तावनेचे काम नाही. पण एका प्राण्याच्या देहावरील दोन छिद्रांनी इतके सांगितले आणि इतके लपवले, हे ज्यांना नेमबाजी म्हणजे निव्वळ हातचलाखी वाटते त्यांनी विसरू नये. शिकारी जे कातडी सोलताना वाचत असत, तेच इथे पशुवैद्यकांनी आणि चौकशी समित्यांनी वाचले.

डार्ट लागला, पिंजरा आला, गाडी निघाली, इथे बातमी संपते. ग्रंथाची शेवटची प्रकरणे मात्र तिथून सुरू होतात. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नर परिसरात केलेल्या अभ्यासातून, पकडलेले बिबटे दूर नेऊन सोडल्याने जिथे सोडले तिथले हल्ले वाढले, असे दिसून आले, आणि विद्या अत्रेय व अनिरुद्ध बेलसरे यांनी 2007 साली तयार केलेल्या मार्गदर्शिकेत पकडण्यापेक्षा न पकडण्याच्या उपायांना मोठे स्थान मिळाले. केंद्र सरकारने 2011 साली बिबट्यांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली त्यांचा रोखही असाच आहे. येऊरच्या डोंगरावरून रात्री वस्तीच्या कडेने जाऊन पहाटे परतणारा बिबट्या हा पकडण्याचा विषयच नाही. तो जिन्यात, तळघरात किंवा घरात कोंडला गेला, तरच डार्ट गनची पेटी उघडायची असते.

प्रस्तुत ग्रंथ मुख्यत्वे वनरक्षक, पशुवैद्यक आणि पोलीस यांच्यासाठी लिहिला असला, तरी ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या गृहसंकुलांत राहणाऱ्या वाचकानेही तो चाळावा. त्याच्याकडून नेमबाजीची अपेक्षा नाही. इमारतीत बिबट्या आढळला तर त्याच्या बाहेर पडण्याची वाट न अडवता स्वतःची दारे लावून घ्यावीत, वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवावे, आणि डार्ट लागल्याचे समजले की पुढची पंधरा मिनिटे गॅलरीत येऊ नये, शिट्ट्या मारू नयेत, दिवे पेटवू नयेत आणि कोणालाही फोन करून ‘पडला’ म्हणून सांगू नये. तो तेव्हा पडलेला नसतो.